मधल्या वर्षांचा पैसा

पेडणे तालुक्यातल्या एका तरुण गटाने विचारलेले प्रश्न थोडक्यात असे: आम्ही नऊ-दहा जण दोन वर्षं हवामान बदलाच्या परिणामांवर गावोगाव काम करतोय. खाजनात, म्हणजे बांध घालून राखलेल्या सखल शेतजमिनीत, शिरणारं खारं पाणी, डोंगरकापणी, एप्रिलमध्येच तळ गाठणाऱ्या विहिरी हे आमचे विषय. आजवर सगळं खिशातून चाललं. आता संस्था नोंदवावी का? पैसा कुठून आणावा? पैसे घेतले की आवाज दबतो, हे खरं का? आणि आमच्यातली एक जण नोकरी सोडून पूर्ण वेळ द्यायला तयार आहे, तिने पगार घेतला तर गाव काय म्हणेल?

मी गोव्यात अशा संस्थांचं काम आणि त्यांच्या हिशेबाच्या वह्या, दोन्ही बरीच वर्षं सांभाळत आलो आहे. तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीची उत्तरं त्याच्यावर उभी राहतात. तिने पगार घ्यावा, आणि तो किती आहे हे गावाला उघड सांगावं.

तुमच्या कामाचं खरं स्वरूप काय आहे ते बघा. मोर्चा एक दिवसाचा असतो, त्याला माणसं सुट्टी काढून येतात. बाकीचं काम कायद्याने घालून दिलेल्या मुदतींत अडकलेलं असतं. गोव्याचं राजपत्र गुरुवारी निघतं. नगर व ग्रामनियोजन कायद्याच्या कलम ३९ए खाली २०२४ पासून जमिनींचे झोन बदलण्याच्या सूचना त्यात येऊ लागल्या, आणि हरकत घ्यायला ३० दिवस मिळत. एखाद्या प्रकल्पाला पर्यावरण दाखला मिळाला तर हरित लवादात अपील करायची मुदत ३० दिवसांची, सबळ कारण दाखवलं तर आणखी ६०. जनसुनावणीची नोटीस ३० दिवस आधी. माहिती अधिकाराचं उत्तर ३० दिवसांत आलं नाही तर पहिलं अपील पुढच्या ३० दिवसांत, दुसरं त्यानंतरच्या ९० दिवसांत. या तारखा कुणीतरी वहीत टिपून ठेवायच्या असतात, सर्व्हे नंबर एक-चौदाच्या उताऱ्याशी, म्हणजे गोव्याच्या सातबाऱ्याशी, ताडून पाहायचे असतात, आणि ज्याची जमीन शेजारी आहे त्या शेतकऱ्याच्या ओसरीवर जाऊन त्याला समजावून सांगायचं असतं. नोकरी करून संध्याकाळी हे थोडे दिवस जमतं, वर्षानुवर्षं जमत नाही. हरकतीच्या तारखा पावसाळ्यात, परीक्षांच्या काळात आणि चवथीच्या आठवड्यातही उलटून जातात.

गोव्यातल्या मोठ्या लढ्यांचा काळ मोजला की हे आणखी स्पष्ट होतं. खाणींवरचा शहा आयोगाचा अहवाल २०१२ मध्ये संसदेसमोर आला. गोवा फाउंडेशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल एप्रिल २०१४ मध्ये लागला, आणि त्यातूनच लोहखनिजाच्या विक्रीच्या दहा टक्के रकमेचा कायमस्वरूपी निधी उभारण्याचा आदेश आला. तरीही लीज नूतनीकरणांविरुद्ध पुन्हा न्यायालयात जावं लागलं, आणि ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द झालं ते फेब्रुवारी २०१८ मध्ये. मोलेच्या अभयारण्यातून जाणाऱ्या रेल्वेमार्गाच्या दुपदरीकरणाविरुद्धचा लढाही तसाच. १ नोव्हेंबर २०२० च्या रात्री चांदरला हजारो लोक रेल्वेमार्गावर जमले, ते सगळ्या देशाने पाहिलं. पण दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली मे २०२२ मध्ये. मधल्या दीड वर्षात सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या केंद्रीय उच्चाधिकार समितीपुढे निवेदनं, शास्त्रज्ञांच्या नोंदी, नकाशे आणि शपथपत्रं यांचंच काम चाललं होतं. त्या दीड वर्षाचे फोटो फारसे कुणी काढले नाहीत.

माझ्या अनुभवाचं सार हेच आहे. गर्दीच्या दिवसांत पैसा आपोआप येतो. कुणी मंडप देतो, कुणी ध्वनिक्षेपक, कुणी जेवण. संस्था कोसळते ती नंतरच्या वर्षात, जेव्हा दाखवण्यासारखं काही घडत नसतं आणि काम मात्र सगळ्यात जास्त असतं. म्हणून पैसा उभा करायचा तो मधल्या वर्षांसाठी, आणि लोकांकडे मागतानाही तसं स्पष्ट सांगून मागायचा.

किती लागतो? पेडण्यासारख्या तालुक्यात काम करणाऱ्या छोट्या संस्थेचा मी मांडेन तो अंदाज असा. पूर्णवेळ समन्वयक महिना २८ हजार, म्हणजे वर्षाला ३ लाख ३६ हजार. गावांत फिरणारा अर्धवेळ कार्यकर्ता महिना १५ हजार, वर्षाला १ लाख ८० हजार. एक खोली, वीज आणि इंटरनेट मिळून १ लाख ८ हजार. हिशेबनीस आणि लेखापरीक्षण ६० हजार. प्रवास ६० हजार. बैठका, छपाई, भाषांतर ६० हजार. झेरॉक्स, नकाशे, प्रमाणित प्रती आणि माहिती अधिकाराचे अर्ज ४० हजार. एकूण ८ लाख ४४ हजार. निम्म्याहून जास्त रक्कम माणसांवर जाते, आणि ती तशीच जायला हवी. पगाराला ‘प्रशासकीय खर्च’ म्हणून नाक मुरडणाऱ्या दात्याला समोर बसवून सांगा की आमचं काम म्हणजेच ही दोन माणसं.

भाषांतराचा खर्च मी मुद्दाम वेगळा लिहिला. पर्यावरणीय परिणामांचा पूर्ण अहवाल शेकडो पानांचा आणि इंग्रजीत असतो. कायद्याप्रमाणे सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो, पण बांधाची उंची, भरावाची माती कुठून येणार, पाण्याचा निचरा कुठे जाणार असे कामाचे तपशील पुष्कळदा मूळ अहवालाच्या परिशिष्टांत असतात. त्यातली वीस पानं मराठीत किंवा कोंकणीत आणून ग्रामसभेपुढे ठेवली की सभेचा सूर बदलतो. ‘विकास हवा की नको’ हा वाद मागे पडतो आणि लोक आपल्या व्हाळाबद्दल (ओढ्याबद्दल), आपल्या मानशीबद्दल, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारांबद्दल, नेमकं बोलू लागतात.

तसंच महत्त्व नोंदींना द्या. मुसळधार पावसाचं पाणी डोंगराकडून खाजनात उतरतं आणि त्याच वेळी समुद्राला भरती असेल तर मानशीची दारं उघडता येत नाहीत. पाणी आत तुंबतं, बांधावर दोन्ही बाजूंनी ताण येतो आणि जिथे माती खचलेली असेल तिथे भगदाड पडतं. समुद्राची पातळी वाढणं आणि थोड्या वेळात खूप पाऊस पडणं या दोन गोष्टी आपल्याकडे अशा एका जागी येऊन भेटतात. तौक्ते वादळ मे २०२१ मध्ये गेल्यानंतर कुठल्या गावात बांधाचं काय झालं, याची तारखेनिशी नोंद ज्यांनी ठेवली त्यांच्या निवेदनाला वजन आलं. दर उधाणाला बांधाचे फोटो, तारीख, वेळ, आणि दोन-तीन हजारांत मिळणाऱ्या मीटरने विहिरीच्या पाण्याची क्षारता टिपून ठेवा. अर्धवेळ कार्यकर्त्याचं हे मुख्य काम. पाच वर्षांच्या अशा नोंदी हाताशी असल्या की सरकारी अधिकाऱ्यालाही त्या बाजूला सारणं जड जातं.

आता उत्पन्न. खर्च साडेआठ लाखांचा आणि उद्दिष्ट दहा लाखांचं ठेवा. ही वरची दीड लाखाची रक्कम का, ते आयकराच्या नियमात आहे. धर्मादाय संस्थेने वर्षाच्या उत्पन्नाचे किमान ८५ टक्के उद्देशांवर खर्च करायचे असतात. उरलेले १५ टक्के विनाअट शिल्लक ठेवता येतात. अनेक नवख्या संस्था शिल्लक राहिली तर कर लागेल या भीतीने मार्चमध्ये घाईने शिबिरं घेऊन सगळा पैसा संपवतात. तसं करू नका. दहा लाखांतले दीड लाख दरवर्षी बाजूला पडले तर तीन वर्षांत सहा महिन्यांच्या खर्चाची सोय होते. एखाद्या विशिष्ट कामासाठी याहून जास्त साठवायचं असेल तर मुदतीत विहित फॉर्म भरून पाच वर्षांपर्यंत तेही करता येतं.

हे दहा लाख आणायची माझी आवडती वाट म्हणजे महिन्याला ३०० रुपये देणारी दीडशे माणसं. वर्षाचे ५ लाख ४० हजार होतात. दीडशे हा आकडा मोठा वाटेल, पण पेडण्याची किती घरं मुंबईत नोकरीला गेली आणि तरी चवथीला, जत्रेला गावात येतात, ते मोजा. त्यांच्या बालपणीची विहीर आटते आहे. त्यांना सभासद करा, दर तीन महिन्यांनी दोन पानांचं पत्र पाठवा. त्यात या काळात कुठल्या हरकती घेतल्या, कुठल्या मुदती पाळल्या आणि पैसा कुठे गेला एवढंच लिहा. मी पाहिलेल्या मासिक वर्गण्या पत्र थांबल्यावर गळाल्या, पत्र जात राहिलं तोवर टिकल्या. त्याशिवाय वर्षाला १५ हजार देणारे दहा जण धरा: डॉक्टर, वकील, हॉटेलवाले, कुळागरवाले (बागायतदार). ते दीड लाख. उरलेले सुमारे तीन लाख एखाद्या भारतीय प्रतिष्ठानच्या अनुदानातून किंवा समन्वयकाला मिळणाऱ्या फेलोशिपमधून यावेत. कुठल्याही एका दात्याचा वाटा एक तृतीयांशावर जाऊ देऊ नका, म्हणजे तो उद्या थांबला तरी तुम्ही थांबणार नाही.

पावतीबद्दल दोन गोष्टी. देणगीदाराला मिळणारी करसवलत (जुन्या आयकर कायद्याचं कलम ८०जी) २ हजार रुपयांपर्यंतच्याच रोख देणगीला मिळते, त्याहून मोठी रक्कम बँकेतून किंवा यूपीआयनेच घ्या. नव्या करप्रणालीत गेलेल्या पगारदारांना ही सवलत मुळात मिळतच नाही, तेव्हा ‘कर वाचेल’ असं सांगून कुणाकडे मागू नका. आणि जत्रेत पेटी ठेवणार असाल तर नाव-पत्त्याची वहीही ठेवा. निनावी देणग्या एक लाख किंवा एकूण देणग्यांच्या पाच टक्के, यांतल्या मोठ्या रकमेच्या वर गेल्या तर त्या जादा रकमेवर ३० टक्के कर लागतो.

नोंदणी करावीच. सात जण मिळून १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली संस्था उभी करता येते, आणि तुमच्या आकाराला तीच बरी. कंपनी कायद्याच्या कलम ८ची ना-नफा कंपनी शिस्तीची असते, पण तिची वार्षिक कागदपत्रं आणि फी पहिल्या वर्षांत जड पडते. सोसायटीचीही शिस्त आहेच: वार्षिक सभेनंतर १४ दिवसांत कार्यकारिणीची यादी निबंधकांकडे द्यावी लागते. उद्देशाचं कलम मात्र जाणत्या माणसाकडून लिहून घ्या. आयकर कायद्यात २००९ पासून ‘पर्यावरणाचं जतन’, त्यात पाणलोट, जंगल आणि वन्यजीव धरून, हा धर्मादाय कार्याचा स्वतंत्र प्रकार झाला आहे. नुसतं ‘सार्वजनिक हित’ लिहिलं तर व्यापारी स्वरूपाच्या उत्पन्नावर वीस टक्क्यांची मर्यादा येते, आणि उद्या तुम्ही प्रशिक्षणाची फी घेतली की तो वाद उभा राहतो. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. सनदी लेखापालाला अर्ज करतेवेळी नवे क्रमांक विचारून घ्या.

परदेशी पैशाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण पेडण्यात बसून काम करणाऱ्याला हा धोका सगळ्यात जवळचा आहे. परदेशी योगदान नियमन कायद्यात पैसा कुठल्या चलनात आला याला महत्त्व नाही, देणारा कोण आहे याला आहे. आपल्या किनाऱ्यावर मोरजी-हरमलला राहणाऱ्या परदेशी पाहुण्याने पाचशेची नोट दिली तरी ते परदेशी योगदान. आपल्या गोव्यात याहून नाजूक प्रश्न पोर्तुगीज पासपोर्टचा. इंग्लंडला गेलेला तुमचा शाळासोबती भारतीय नागरिक असेल तर त्याने स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गाने पाठवलेली देणगी चालते. त्याने पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं असेल तर तो गावचा, घरचा, देवळाचा महाजन असला तरी कायद्याच्या लेखी परदेशी स्रोत आहे. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं ओसीआय कार्ड असल्याने यात फरक पडत नाही. या कायद्याखालच्या नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय अशी रक्कम घेणं गुन्हा आहे. देणगीच्या फॉर्मवर ‘मी भारतीय नागरिक आहे’ अशी घोषणा ठेवा आणि ऑनलाइन भरण्यात परदेशी कार्डं बंद करा. त्या मित्राला नाही म्हणताना वाईट वाटेल. त्याला सांगा की तो नकाशे काढून देऊ शकतो, अहवाल वाचून देऊ शकतो.

ही नोंदणी तुम्ही पुढे घ्यावी का? साधारणपणे तीन वर्षांचं काम आणि त्या काळात किमान १५ लाखांचा खर्च दाखवल्याशिवाय ती मिळत नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर खातं नवी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच उघडावं लागतं, प्रशासकीय खर्च वीस टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो, आणि नोंदणी असलेली मोठी संस्था तो पैसा तुमच्याकडे वळवू शकत नाही. बंद, रास्ता रोको यांसारखे मार्ग वापरणाऱ्या संस्थांना राजकीय ठरवण्याची तरतूद नियमांत होती. सक्रिय राजकारणाशी संबंध नसलेल्या संस्थांना ती लागू होणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये सांगितलं. तरीही चळवळीच्या संस्थेने आपला श्वास या एका परवान्यावर ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे.

आता आवाज दबण्याचा प्रश्न. याचं उत्तर आपल्या खाजनांतच आहे. मानशीवरच्या मासेमारीच्या हक्काची पावणी (लिलाव) व्हायची आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी व्हायची. पैसा बांधासाठी होता. पुढे काही गावांत मासळीचं उत्पन्नच मोठं झालं, जास्त मासळीसाठी दारं नको त्या वेळी उघडी राहू लागली आणि खारं पाणी शेतात चढलं. संस्थेचंही असंच होतं. दाता तोंडाने ‘गप्प बसा’ म्हणत नाही. तो वृक्षारोपणाला पैसे देतो, मग शाळांतल्या चित्रकला स्पर्धेला, मग त्याच्या अहवालासाठी आकडे मागतो, आणि दोन वर्षांनी तुमच्या लक्षात येतं की समन्वयकाचा सगळा वेळ तिकडे जातोय आणि राजपत्र कुणी वाचतच नाही.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा निधी, म्हणजे नफ्याचे दोन टक्के, पर्यावरणासाठी देता येतो. पण हरकती आणि याचिका यांसाठी तो मिळाल्याचं मी पाहिलेलं नाही. खाण, कोळसा हाताळणी, जमीनविकास, मोठी हॉटेलं या व्यवसायांकडून घ्यायचा नाही, असा ठराव पहिल्याच सभेत लिहून ठेवा. पैसा समोर आल्यावर असा ठराव करता येत नाही. इतरांकडून घेतलात तर विहिरींच्या पाणी तपासणीसारख्या ठरावीक कामासाठी घ्या, आणि करारात तुमच्या निष्कर्षांच्या प्रकाशनाला त्यांची परवानगी लागणार नाही हे लिहून घ्या.

खटल्याचा निधी नेहमीच्या खात्यापासून हिशेबात वेगळा दाखवा. नुकसानभरपाईची मागणी नसेल तर हरित लवादाची फी एक हजार रुपये, आणि मनापासून मदत करणारे वकील गोव्यात आहेत. खर्च होतो तो जुन्या कागदांच्या भाषांतरावर, सर्वेक्षकाच्या नकाशावर, तज्ज्ञाच्या स्थळभेटीवर. २०१७ मध्ये गोव्याची प्रकरणं पुण्याच्या खंडपीठाकडून दिल्लीला हलवण्याची अधिसूचना निघाली होती. उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ती त्याच वर्षी रद्द केली नसती, तर प्रवासाच्या खर्चानेच छोट्या संस्था थकल्या असत्या. एका प्रकरणासाठी किमान दीड लाख हाताशी असल्याशिवाय अर्जदार म्हणून उभे राहू नका. आणि गावातला शेतकरी अर्जदार होत असेल तर विरुद्ध निकाल लागून खर्चाचा आदेश झाला तर तो कोण भरणार, हे त्याला आधी सांगा, लेखी सांगा.

गाव काय म्हणेल? काही जण बोलतीलच. त्यावर माझ्या पाहण्यात एकच उपाय टिकला आहे: वर्षातून एकदा जमा-खर्चाचा पूर्ण कागद, पगारांच्या रकमांसह, देवळाच्या मंडपात किंवा पंचायतीच्या सभागृहात वाचून दाखवणं आणि प्रश्नांना तिथेच उत्तर देणं. अडीच-तीन तास लागतात. कार्यकारिणीतल्या कुणाच्या नात्यातल्याला काम दिलं असेल तर तेही त्याच कागदावर असावं.

एखाद्या वर्षी पैसा आलाच नाही तर आधी कार्यालयाची खोली सोडा, मग छपाई, मग शिबिरं. गुरुवारचं राजपत्र, ग्रामसभेची हजेरी, उधाणाच्या नोंदी आणि मुदतींची वही हे चार शेवटपर्यंत चालू ठेवा. ते एका माणसाच्या अर्ध्या पगारातही चालतं. आणि जिने नोकरी सोडायची तयारी दाखवली आहे तिला माझ्याकडून एवढं सांगा, की सहा महिन्यांचा पगार संस्थेच्या खात्यात जमा झालेला स्वतः पाहिल्याशिवाय तिने राजीनामा देऊ नये. तो जमवणं हे तुम्हा बाकीच्या आठ-नऊ जणांचं पहिलं काम आहे.